कडुलिंबाखालची तालीम

विमलताई सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या पायात बूट नव्हते. मुलाखतीसाठी मुद्दाम पुण्यात घेतलेले नवे बूट आमच्या साखर कारखान्याच्या संगणक कक्षाबाहेर काढून ठेवावे लागले होते, कारण आत धूळ गेली की मशीन बिघडते असे तेव्हा सगळेच मानत. एक मोजा अंगठ्याशी फाटलेला होता. तो दुसऱ्या पायाखाली लपवत मी खुर्चीवर बसलो आणि समोर पाहिले, तर चेअरमनसाहेबांच्या शेजारी सुती साडीतल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक बाई बसलेल्या. कक्षाचे प्रमुख कोणी साहेब असतील असे मी गृहीत धरून आलो होतो.

ही ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळाची गोष्ट. मी संगणकशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकताच लोहाऱ्याला घरी परतलो होतो. आमच्या भागात ती पदवी आणलेला मीच पहिला, त्यामुळे मान जरा ताठच होती. चेअरमनसाहेबांनी सरळ विचारले, "मॅडमचं इंजिनिअरिंग आन् तुमचं ते शास्त्र, ह्यात फरक काय? आमाला दोन माणसं कशाला पायजेत?"

मी त्यावर बराच वेळ बोललो. गणित, तर्क, सिद्धता, यंत्राच्या मर्यादा, सगळे आले. चेअरमनसाहेबांना जांभई आली. मग विमलताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एकच विचारले, "वीज गेली तर तुमचा प्रोग्रॅम काय करतो?"

"वीज गेल्यावर काय करणार? बंद पडतो."

"आन् आल्यावर?"

असला प्रश्न दोन वर्षांत कोणत्याही पेपरात आला नव्हता. नोकरी गेली असे समजून मी दाराबाहेरच्या बुटांकडे बघू लागलो, तेवढ्यात ताई चेअरमनसाहेबांना म्हणाल्या, "घ्या ह्यांना. रीत ह्यांना येती. वीज आल्यावरचं मी शिकवते." त्या दिवशी घरी जाताना एस.टी.त मला इतके हलके वाटत होते की उभ्याने प्रवास केला तरी कळले नाही. चेअरमनसाहेबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मला पुढे काही महिन्यांनी मिळाले. ते इथे सांगतो, कारण ताईंचा गौरव त्यातच आहे.

ताई मूळच्या बेंबळीच्या. वडिलांचे थोडे रान, आणि धर्मांतरानंतर घरात शिक्षणाशिवाय दुसरा विषय नाही. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती आणि ताई औरंगाबादला इंजिनिअरिंगची परीक्षा देत होत्या. पुढे पुण्यात चांगली नोकरी लागली, नाव झाले. आमच्याकडची माणसे पुण्याची गाडी पकडत होती त्या काळात ताई उलट्या गाडीने परत आल्या. का आलात, असे मी एकदा विचारले होते. "तिथं माझ्यावाचून कुणाचं अडत न्हवतं," एवढेच म्हणाल्या.

त्या वर्षी उसाअभावी गाळप सुरूच करता आले नाही. कारखान्याच्या विहिरींना मात्र पाणी होते. संचालक मंडळाने ठरवले की मळीचे टँकर धुऊन काढायचे आणि सभासदांच्या गावांना पाणी पोचवायचे. कितीही धुतले तरी पाण्याला मळीचा गोडसर वास यायचा. जनावरे ते आवडीने पीत, माणसे तोंड वाकडे करून. गावोगावच्या विहिरींच्या खडकाला भेगा, टँकर आत ओतला तर पाणी झिरपून जाई. म्हणून टँकर आला की लोकांनी पिंपे-घागरी घेऊन उभे राहायचे आणि नळीने भरून घ्यायचे. माणसे हजर नसली तर टँकर पुढच्या गावाला, आणि त्या गावाची पाळी बुडाली.

पाळ्या हाताने ठरत तोवर रोज भांडण. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या गावाला टँकर आधी. शेवटी चेअरमनसाहेब वैतागून म्हणाले, "मशीनला सांगा. मशीन कुनाचं पाव्हनं न्हाय."

हे तर माझ्या पदवीला आलेले आवतणच होते. गावे म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेघा, आणि कमीत कमी डिझेलमध्ये सगळे ठिपके कसे फिरायचे, याची एक सुंदर रीत मी बसवली. मशीनने उत्तर दिले. मी ते कागदावर ताडून पाहिले, तंतोतंत बरोबर. "झालं काम," मी म्हणालो.

"आता सुरू झालं," ताई म्हणाल्या.

मला राग आला. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असे. आता वयाने तो कपाळापर्यंत मागे सरकला आहे, एवढाच फरक. ताईंनी माझा नकाशा पुढे ओढला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवले. "टँकर हितं थांबतो कुठं?"

"गावात."

"गावात कुठं?"

"चावडीपुढं असेल. त्यानं काय फरक पडतो?"

ताईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या गावाला बी एकच ठिपका होता, माने. तिथनं उरलं तर आमच्या वस्तीला मिळायचं."

त्यानंतर प्रत्येक गावाला दोन थांबे झाले, जिथे लागले तिथे तीन. माझ्या रेघा वाढल्या, डिझेलचा आकडा वाढला, उत्तर पहिल्याइतके देखणे राहिले नाही. चेअरमनसाहेबांपुढे कागद ठेवताना ताईंनी आवर्जून सांगितले, "रीत मान्यांची हाय. थांबे मी घातलेत, डिझेल जास्त लागलं तर मला बोला." श्रेय वाटायचे आणि दोष स्वतःकडे ठेवायचा, ही त्यांची सवय मी पुढे अनेक वर्षे पाहिली, पण तो पहिला अनुभव मला अजून जसाच्या तसा आठवतो.

आता तालमीकडे येतो. मशीनवर रोज बसणार होते आमचे शिंदे भाऊसाहेब. सगळी हयात टाइपरायटरवर गेलेली, स्वभावाने भित्रे, आणि संगणकाला हात लावण्याआधी नमस्कार करणारे. एका शनिवारी ताईंनी त्यांना मशीनपुढे बसवले, मला दंडाला धरून बाहेर आणले आणि कडुलिंबाखाली सतरंजीवर बसवले. पदराच्या गाठीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. म्हणाल्या, "आता असं समजायचं, आपण दोघं मेलो. भाऊसाहेब काय करत्यात बघू. तालीमच म्हणा ही."

"ताई, आत जाऊन सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे."

"मेलेली माणसं आत जात न्हाईत. शेंगा खावा."

आतून भाऊसाहेबांचा आवाज येत होता. ताईंनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे वायरमनने मेन स्विच पाडला. वीज आली तेव्हा भाऊसाहेबांनी भरलेले अर्धे काम नाहीसे झाले होते. मग मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारले आणि भाऊसाहेबांनी त्याला मराठीत उत्तर दिले, मोठ्याने. मी प्रत्येक वेळी उठू बघे आणि ताई माझा सदरा धरून खाली बसवत. शेवटी भाऊसाहेब घाम पुसत दारात आले. "मॅडम, समजा एखाद्या गावात लगीन हाय, आन् टँकर दुपारऐवजी सकाळी पायजे म्हनत्यात, तर मशीनला कसं सांगावं?"

"मेलेल्या मान्साला काय विचारताय, भाऊसाहेब?" ताई म्हणाल्या आणि त्यांच्याही हातात शेंगा दिल्या.

नेमक्या त्याच वेळी चेअरमनसाहेबांची जीप आली. संगणक कक्षातले दोन्ही शिकलेले लोक झाडाखाली टरफलांच्या ढिगाशेजारी बसलेले पाहून ते थबकले.

"काय ओ मॅडम, हितं काय करताय?"

"साहेब, आमी मेलोय," ताई शांतपणे म्हणाल्या. "संध्याकाळपतुर."

"दोघं बी?"

"व्हय, दोघं बी."

"मग मशीन कोन चालवायलंय?"

"तेच तर बघायलोय."

चेअरमनसाहेब हसले नाहीत. बाहेर लोक पाण्यासाठी त्यांच्या नावाने शिमगा करत होते. ताईंनी आणखी आठवडा मागितला, तेव्हा ते जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "घ्या आठवडा. पर त्याच्याफुडं एक बी गाव मशीनपायी कोरडं ऱ्हायलं, तर मशीनवर फडकं टाकीन, आन् मॅडम, तुमाला पुन्याचा रस्ता मोकळा."

त्या आठवड्यात ताईंनी तीन गोष्टी केल्या. वीज गेली तरी भरलेले काम राहील अशी सोय केली. मशीनचे सगळे प्रश्न रोमन अक्षरांत का होईना, मराठीत आणले. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले: कोणत्याही गावाची वेळ भाऊसाहेबांना स्वतः बदलता येईल असे दार प्रोग्रॅममध्ये ठेवले. वेळ बदलली की माझी रीत पुन्हा चालायची आणि नवा क्रम काढायचा.

"म्हणजे कुणीही उठावं आणि माझं उत्तर बिघडवावं?" मी ओरडलो.

"उत्तर तुमचं, पाणी त्यांचं," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, माझी समजूत घालत पुढे म्हणाल्या, "हे बघा माने, एखादी गोष्ट होऊ शकती का, आन् कशी, हे तुमचं शास्त्र सांगतं. ते लागतंच, त्याच्याशिवाय आमी आंधळे. पण ती गोष्ट उद्या, परवा, वीज नसताना, आपण नसताना, भाऊसाहेबांच्या हातनं होत राहिली पायजे. ते बघणं माझं काम." मला ते तेव्हा पटले नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरते बोललो.

पाळ्या सुरू झाल्या आणि सुरळीत चालल्या. मग एक दिवस छपाईयंत्राचा भाग मोडला. तो आणायला ताई आणि मी सोलापूरला गेलो, मुक्काम केला आणि सकाळी परत निघालो. वाटेत जळकोटशी जीपचा पट्टा तुटला. ड्रायव्हर दुसरा पट्टा शोधायला गेला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पाहतो तर सगळा गाव रानाकडे निघालेला. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, आंबिलीची मडकी, मागे पोरेबाळे, बैलगाड्या. घरांना कुलपे.

"मावशी, आज काय आहे?" मी एका म्हातारीला विचारले.

"आसं काय करता साहेब, येळवस हाय की! चला आमच्या रानात जेवायला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडे त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. कडब्याच्या खोपीत पूजा मांडायची, अनेक भाज्यांची मिसळ असलेली भज्जी, भाकरी आणि ताकातली आंबील यांचे जेवण शेतातच करायचे, रस्त्याने जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला न्यायचे. पीक वाळलेले असले तरी येळवस चुकत नाही, उलट त्या वर्षी लोक जास्तच हट्टाने निघालेले दिसत होते. आणि मला दुपारच्या पाळ्या आठवल्या. त्या दिवशी दुपारची पाळी खडकवाडीची होती. खडकवाडीत माझी धाकटी बहीण सुशीला दिलेली. ती नुकतीच बाळंत झालेली. घरचे सगळे रानात जाणार, ही एकटी तान्ह्या बाळाला घेऊन घरात. टँकर येणार, नळी धरायला माणूस नाही म्हणून तसाच पुढे जाणार, आणि पुढची पाळी येईपर्यंत त्या घरात थेंब नाही. एकट्या खडकवाडीचे नव्हे, दुपारच्या सगळ्या गावांचे तेच होणार होते.

मी ताईंना सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "बेंबळीची असून येळवस विसरले," त्या म्हणाल्या. पोस्टात जाऊन कारखान्यावर फोन लावला, तो काही लागेना. पट्टा मिळेपर्यंत करण्यासारखे काही नव्हते. तेव्हा ताई त्या म्हातारीला म्हणाल्या, "चला मावशी, येतो जेवायला."

"ताई, तिकडं माझी बहीण..."

"ठाऊक हाय. मला बी भ्या वाटायलंय, माने. पण हितं उभं राहून टँकर हलणार न्हाय. भाऊसाहेब हायेत की तिथं."

भाऊसाहेब! नमस्कार करून मशीनला हात लावणारे भाऊसाहेब! मी वाळक्या तुरीच्या रानात बसलो आणि घास तोंडात फिरत राहिला. म्हातारीने भज्जी पुन्हा वाढली. तिला वाटले मला चव आवडली नाही. ताई सावकाश जेवत होत्या, पण दर घासाला रस्त्याकडे बघत होत्या. पणाला त्यांची नोकरी लागली होती. तिचा एका शब्दाने उल्लेख त्यांनी केला नाही, विचारत राहिल्या त्या सुशीच्या बाळाबद्दल.

दुपार कलल्यावर जीप सुरू झाली. कारखान्यावर न जाता आम्ही थेट खडकवाडी गाठली. गल्लीत चिटपाखरू नाही. मी धावतच बहिणीच्या घरात शिरलो. अंगणात पिंप काठोकाठ भरलेले, शेजारी घागरींची रांग, आणि दोरीवर बाळाची दुपटी वाळत घातलेली.

"दादा? तू कसा काय?" सुशी दारात आली.

"टँकर... टँकर आला होता?"

"सकाळीच येऊन गेला की. मान्सं रानात जायच्या आदी. लई वास हाय त्या पान्याला, पर बाळाला न्हाऊ घातलं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. मला हसू येत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि सुशी मला काय झाले ते कळेना म्हणून घाबरली होती. ताई पिंपाशी गेल्या, ओंजळभर पाणी घेतले, तोंडावर मारले आणि खूप वेळ पदराने चेहरा पुसत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना धरले. ते आधी गुन्हेगारासारखे उभे राहिले. "मॅडम, माफी करा, न इचारता केलं. बायको म्हनली, येळवसला रानात न्हाय आलात तर घरात घेनार न्हाय. मंग इचार केला, आपल्यासारकंच समद्यांना जायचं आसंल. समद्या दुपारच्या गावांची येळ सकाळी टाकली. मशीननं लगीच नवी लाइन काडून दिली. टँकर भल्या पहाटं सोडले आन् मी बी गेलो जेवायला."

"आम्हाला फोन का केला नाहीत?" मी विचारले.

"तुमाला कसा करनार?" भाऊसाहेब निरागसपणे म्हणाले. "तुमी दोघं तर मेलेलेच होता की."

त्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या 'दोन माणसं कशाला' या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. क्षणात नवा क्रम काढून देणारी रीत माझी होती. हाताने तो काढायला दिवस गेला असता, हेही ताईंनीच सर्वांना सांगितले. पण ती रीत एका भित्र्या, बायकोला वचकून असणाऱ्या, भल्या माणसाच्या हाती लागेल असे दार ताईंनी ठेवले होते. चेअरमनसाहेबांनी मशीनवर फडके टाकले नाही. पुढच्या येळवसला त्यांनी ताईंना स्वतःच्या रानात जेवायला बोलावले आणि म्हणाले, "आज जित्या हायसा न्हवं?"

पुढे मी महाविद्यालयात शिकवायला गेलो आणि संगणकशास्त्र शिकवण्यात आयुष्य सुखाने घालवले. दर वर्षी मुलांकडून एक प्रोग्रॅम लिहून घेई, तो दुसऱ्याच्या हाती देई आणि लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर झाडाखाली बसवी. मुले कुरकुरत. शेंगा मी द्यायचो. ताई कारखान्यातून निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपसमारंभ चालू असताना कक्षातले काम एक मिनिटही थांबले नव्हते, आणि त्यांना त्याच गोष्टीचे सर्वांत जास्त समाधान वाटत होते.

मागच्या हिवाळ्यात ताईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. सोलापूरच्या दवाखान्यात आम्ही जुनी माणसे बाकावर बसून होतो. भाऊसाहेबांचा मुलगा होता, सुशी होती, आणि ज्याला ताईंच्या ओंजळभर पाण्याची गोष्ट पाठ आहे ते तिचे बाळ, आता स्वतः बाप झालेले, तेही होते. दुसऱ्या दिवशी मला आत सोडले. नळ्यांच्या जंजाळातून ताईंनी डोळे उघडले, माझे तोंड पाहिले आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "रडू नका माने. तालीम होती."

मी बाहेर येऊन तेच शब्द सर्वांना सांगितले आणि त्या गंभीर बाकावर इतका हशा झाला की परिचारिका रागवायला आली. इतके मोकळे मी खडकवाडीच्या उंबऱ्यानंतर कधी हसलो नव्हतो.

ताई, पंच्याहत्तरी पुरी केलीत. आपल्यावाचून काही अडू नये म्हणून तुम्ही जन्मभर झटलात, आणि कामाच्या बाबतीत ते साधलेतही. तुमचे प्रोग्रॅम, तुमची माणसे, सगळे तुमच्याशिवाय नीट चालते. आमचे मात्र अडते. तेवढे एक दार तुम्हाला ठेवता आले नाही. तेव्हा तब्येत सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, शंभर येळवशी आमच्याबरोबर रानात जेवा. तालमी पुष्कळ झाल्या. खऱ्या खेळाची आम्हा कोणालाही घाई नाही.